परत न आलेलं परमिट

बबनराव रोजच्यासारखे पावणेआठला सबस्टेशनवर आले. सायकल लिंबाखाली लावली, चपला दाराशी काढल्या, डबा खिडकीत ठेवला आणि रजिस्टरवर तारीख टाकली. बत्तीस वर्षं हेच. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी तांब्याच्या तारेनं बांधून घेतला होता. खात्यात तारेला काय तोटा!

वरवंडपासून आत, भीमेच्या अंगाला, चारी बाजूंनी ऊस आणि मधे जाळीच्या कुंपणात हे सबस्टेशन. जवळ वस्ती म्हणून नाही. ट्रान्सफॉर्मरची घरघर, तापलेल्या तेलाचा वास आणि टेबलावर वायरचा जुना फोन. त्या फोनवर दिवसभर शेतकऱ्यांचा एकच प्रश्न यायचा, "आप्पा, लाईट कवा येणार?" आणि बबनरावांचं एकच उत्तर, "आली की दिसंल."

लोक म्हणतात, भुतं अमावास्येच्या रात्री निघतात. म्हणू द्या. ही गोष्ट भर दुपारची आहे, वैशाखातल्या बारा-चाळीसची, जेव्हा माणसाची सावलीसुद्धा पायाखाली दडी मारून बसते.

आधी परमिट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाईनमनला तारेवर काम करायचं असलं की तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाईन बंद करतो, चिठ्ठी फाडतो. काम संपवून माणूस खाली उतरला, की सबस्टेशनवर येऊन त्याच चिठ्ठीवर 'परत केलं' म्हणून सही करतो. ती सही झाल्याशिवाय लाईन चालू करायची नाही, मग साक्षात ब्रह्मदेवाचा फोन येवो. नियम साधा आहे. नियम साधेच असतात हो, पाळणारे आपण वाकडे.

कारण पोल आठ-आठ किलोमीटर लांब आणि दिवसाला चार-चार परमिटं. नुसत्या सहीसाठी उन्हातान्हात कोण येणार? मग खुटबावच्या ज्ञानदेव लाईनमननं तोड काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला यायचा, चहा प्यायचा आणि कोऱ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर 'परत केलं'च्या खाली धडाधड सह्या ठोकून जायचा. "आप्पा, मी फोनवर सांगत जाईन, तुम्ही वेळ टाकत जावा. तुमच्यावर न्हाई तर कुणावर इस्वास ठेवायचा?" गठ्ठा ड्रॉवरमध्ये पडून असायचा. आठ वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

ज्ञानदेव हाडाचा लाईनमन. खोड एकच. पोलावर चढायच्या आधी चपला काढायचा, पोलाला हात लावून कपाळाला लावायचा आणि अनवाणी चढायचा. खात्यानं दिलेले बूट घरी माळ्यावर. "देवळात कुणी बूट घालून जातं व्हय?" म्हणायचा. त्याच्या चपला पोलाखाली दिसल्या की रानातल्या माणसांना कळायचं, लाईट बंद आहे, ज्ञानदेव वर आहे.

त्या दिवशी बाराला त्यानं फोनवर परमिट मागितलं. बबनरावांनी लाईन बंद केली, पाटी टांगली. अर्ध्या तासात जयसिंग साहेबांचा फोन. साहेब म्हणजे त्यांचे इंजिनिअर. वयानं मुलासारखे, हुद्द्यानं बाप.

"बबनराव, सर्जेराव आबांची नर्सरी करपायला लागलीय. पुढारी माणूस, सकाळपासून तिसरा फोन आला त्यांचा. लाईन चालू करा."

"साहेब, ज्ञानदेव वर हाय. त्याचा फोन आल्याबिगर..."

"अहो, एवढंसं काम ते. झालं असेल कधीच. बसला असेल झाडाखाली. फोन लावून बघा, नाही उचलला तर चालू करा. मी सांगतोय."

बबनरावांनी फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. चढताना ज्ञानदेव मोबाईल मोटारसायकलच्या डिकीत ठेवायचा. फोन उचलला नाही याचा अर्थ तो अजून वर आहे, हे बबनरावांना ठाऊक होतं. ठाऊक होतं! तिथंच सगळं आलं. पण बत्तीस वर्षं 'हो साहेब' म्हणण्यात गेलेली. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. घड्याळात बारा-चाळीस झाले होते. त्यांनी ब्रेकर लावून लाईन चालू केली. ती क्षणभर टिकली आणि धाडकन पुन्हा बंद पडली, तारेला कुणी चिकटलं की पडते तशी. लांब उसाच्या वरून कावळ्यांचा कालवा ऐकू आला.

तीनच्या सुमाराला साहेब जीपमधून आले. घाम पुसत म्हणाले, "ड्रॉवर उघडा."

"साहेब..."

"सही आहेच. वेळ टाका, बारा-वीस. परमिट परत करून तो पुन्हा विचारल्याशिवाय चढला. चूक त्याची."

"साहेब, असं लिवलं तर त्याच्या पोरीला त्याच्या जागी घेणार न्हाईत. ऋतिका बारावीला हाय. घरात दुसरं मिळवतं कोण हाय?"

"आणि तुम्ही? चौदा महिने राहिलेत तुमचे. खरं लिहिलंत तर आधी हातात बेड्या तुमच्या, मग माझ्या. खात्याची अब्रू जाईल ती वेगळीच. जिवंत माणसांचं बघा, बबनराव. मेलेला काही परत येत नाही."

बबनरावांनी पेन उचललं. हात जरासुद्धा थरथरला नाही, याची लाज त्यांना पुढं जन्मभर वाटली.

दौंडला चौकशी झाली. विजेच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या इन्स्पेक्टर राजनंदिनी मॅडमनी चिठ्ठी पुढं धरली. "ही सही ज्ञानदेवचीच?"

"व्हय."

"तुमच्यासमोर केली?"

"माझ्यासमोरच."

दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्ही मिळून एक धादांत खोटं झालं होतं. कोपऱ्यात ज्ञानदेवची बायको नकुशी पदर तोंडाशी धरून बसली होती. तिनं चिठ्ठी पाहिली. "सही त्यांचीच हाय," एवढंच म्हणाली आणि उठून गेली. मृताचा निष्काळजीपणा, असा निकाल लागला आणि फाईल मिटली.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी दुपारी सबस्टेशनवरचा फोन वाजला. बबनरावांना वाटलं, कुणीतरी लाईटचं विचारत असेल.

आधी नुसता वारा आला. उंचावर तारांतून वाहतो तसा, शीळ घालत. मग अगदी ओळखीचा आवाज, जरा दमलेला.

"आप्पा... काम झालं. परमिट परत घ्या... उतरायचंय."

बबनरावांनी रिसीव्हर आपटला. खोलीत केस जळल्याचा वास भरला होता. घड्याळात बारा-चाळीस.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, "आप्पा, तार लई तापलीया वं..." आवाजात राग नव्हता, शिवी नव्हती. शिवी दिली असती तर बबनरावांना बरं वाटलं असतं. ते बारा-पस्तीसलाच लाईन बंद करायला लागले. शेतकऱ्यांनी आयमाय उद्धरली, साहेबांनी मेमो दिला. आणि ज्ञानदेवच्या जागी आलेला दत्ता एक दिवस पांढराफटक पडून आला.

"आप्पा, त्या पोलाखाली चपला हायत. दोनदा उचलून ओढ्यात टाकल्या. सकाळी बघावं तर तिथंच."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ज्ञानदेवची मेल्यावरही गेली नव्हती.

आषाढात एका दुपारी नकुशी सबस्टेशनवर आली. हातात नवऱ्याचा बटणांचा मोबाईल. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"आप्पा, ह्यो पेटीत कुलपात असतो. ऋतिकानं कार्ड बी काढून ठिवलंय. पर रोज दुपारी पेटीत उजेड पडतोय. बघा."

बबनरावांनी पाहिलं. रोज एक फोन लागलेला, सबस्टेशनच्या नंबरावर, बारा-चाळीसला. आणि त्यांच्या खाली, त्या दिवशीचे तीन न उचललेले फोन. बारा-छत्तीसपासूनचे.

"त्यांनी बारा-इसाला हितं यिऊन सही केली म्हणता," नकुशी हळूच म्हणाली, "मंग बारा-छत्तीसला तुम्ही त्यांस्नी हुडकत कशापायी हुता?"

बबनरावांनी मोबाईल तिच्यापुढं सरकवला.

"ऱ्हाऊ द्या. एवढंच सांगा, रोज फोन उचलता न्हवं? काय म्हणत्यात ते?"

तिच्या तोंडावर भीती नव्हती, आस होती. माहेरवाशिणीनं सासरहून आलेल्या माणसाकडं नवऱ्याची खुशाली विचारावी तशी विचारत होती. बबनरावांना तेच सोसवेना.

"तारंतली खरखर हाय, बाई. दुसरं काय न्हाई."

"कवठे येमाईचं ना तुम्ही? तुमच्या येमाईदेवीची आण घिऊन सांगा."

बबनरावांनी आण घ्यायला गळ्याशी हात नेला, पण तसाच खाली घेतला. आणि तेवढ्यात फोन वाजला. ते जागचे हलले नाहीत. नकुशीनं रिसीव्हर उचलला.

ती ऐकत राहिली. आधी चेहरा उजळला, अगदी नव्या नवरीसारखा. मग हळूहळू विझत गेला. "उतरा की वं..." ती कुजबुजली. "कोण आडवतंय तुमास्नी...?" बराच वेळ ती नुसतं हूं हूं करत होती. मग तिनं रिसीव्हर जपून खाली ठेवला.

"परमिट परत घ्या म्हणत्यात. म्हंजी त्यांनी दिलंच न्हवतं."

बबनराव खुर्चीतून खाली बसले, तिच्या पायाशी. ती रडली नाही, तळतळाट दिला नाही.

"आप्पा, नोकरी बी नको, काय बी नको मला. त्यांस्नी तेवढं खाली उतरवा. उन्हात हायत वं ते."

दुसऱ्याच दिवशी बबनराव दौंडला गेले. सगळं सांगितलं, सह्यांचा गठ्ठा, साहेबांचा फोन, स्वतःचा हात. रडत सांगितलं. राजनंदिनी मॅडम वाईट बाई नव्हती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बबनराव, सही मृताची, हे तुम्ही सांगितलंत. वेळ तुमच्या अक्षरात. साक्ष तुमची. आता उलटं सांगताय. यातलं कोणतं खरं धरू? वरून मंजुरी होऊन निकाल गेला. अर्ज देऊन जा, मी पुढं पाठवते. पण खरं सांगू? कागदावर एकदा परत घेतलेलं परमिट दुसऱ्यांदा परत घेता येत नाही."

अर्ज गेला. कुठं गेला, कुणाला ठाऊक. साहेबांनी वर कळवलं, निवृत्तीला आलेल्या माणसाचं डोकं उन्हानं फिरलंय. खोटं बोलायला चार माणसं मदतीला धावली होती. खरं बोलायची वेळ आली तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

राहिला तो एकच मार्ग. एका दुपारी बबनरावांनी ड्रॉवरमधली सही केलेली एक कोरी चिठ्ठी काढली, समोर ठेवली आणि फोनची वाट बघत बसले. वाजताक्षणी उचलला.

"ज्ञानदेवा, घेतलं रे परमिट! ही बघ वेळ टाकतोय, बारा-चाळीस. ये लेकरा, ये खाली."

वारा थांबला. मग आवाज आला, बिचकत, साहेबाशी बोलावं तसा.

"आप्पा... तुम्ही तर आधीच घेतलंय म्हणून लिवलंय... बारा-इसाला. कागदावर मी तवाच उतरलोय."

"चुकलं रे माझं..."

"...मंग मी उतरू कसा?"

त्यानंतर तो फोन परत कधी वाजला नाही. तुम्हाला वाटेल, सुटला बिचारा. बबनरावांनाही तसं वाटायचा मोह झाला. पण दत्ता सांगायचा, पोलाखालच्या चपला आहेत तिथंच आहेत. नकुशी रोज दुपारी तिथं जाते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि वर बघत बसते.

पुढच्या वर्षी बबनराव निवृत्त झाले. साहेबांनी शाल घातली, 'खात्याशी एकनिष्ठ' असं भाषणही केलं. ते कवठे येमाईला घरी येऊन राहिले. एक तारखेला पेन्शन येते, बिनचूक. तिच्यातलं काही नकुशीकडं पाठवलं होतं, ते तिनं जसंच्या तसं परत केलं.

परवा वैशाखात ते ओसरीवर बसले होते. मोबाईल वाजला. दत्ता होता. धापा टाकत होता.

"आप्पा, कुठं हाय तुम्ही? घरीच हाय न्हवं?"

"हाय की. का रं?"

"काय न्हाई... त्या पोलाखाली आज चपलांचं दोन जोड हायत. एक ज्ञानदेव मामाचा. दुसऱ्याचा..." तो घुटमळला. "दुसऱ्याचा डावा अंगठा तांब्याच्या तारंनं बांधलाय, आप्पा."

बबनरावांनी उंबऱ्याबाहेर पाहिलं. सकाळी काढून ठेवलेल्या चपलांच्या जागी धुळीत नुसते ठसे होते. आत भिंतीवरच्या घड्याळात बारा-अडतीस झाले होते.