शंभरच्या आधी

हे खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं. मलाही पटलं नव्हतं, आणि मी तर तिथे उभा होतो.

मी भुतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तसा मी समित्यांवरही ठेवत नाही, पण त्या असतात.

रात्र नव्हती, हे आधीच सांगतो. रविवारची संध्याकाळ, पाचचा सुमार, खिडक्यांतून लख्ख ऊन. जागा : सार्वजनिक वाचनालयाचा तळमजला, बालविभाग. माझी ताई तिथे ग्रंथपाल. तिची मुलगी चिंगी सुट्टीच्या दिवशी तिथेच असायची. घरी सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, आणि मामालाच सांभाळायला कोणीतरी लागतं, असं ताईचं मत.

पूर्वी तो विभाग म्हणजे नुसता गोंधळ. उंच कपाटं, त्यांच्यामागे बोळ, कोपऱ्यात लाकडी घर, जिन्याखाली उशांचा ढीग. मुलं वाचायची कमी, लपायची जास्त. ताई ओरडायची नाही. "लपलेलं मूल कंटाळलं की हाताला लागेल ते पुस्तक उघडतं," म्हणायची. "तेवढंच."

मग एका मुलाचं कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. टेंगूळ आलं.

टेंगळापाठोपाठ सुरक्षा समिती आली.

समितीनं काम चोख केलं. कपाटं कमरेएवढी झाली. कोपऱ्यांना स्पंज लागला. लाकडी घर गेलं. जिन्याखालची जागा विटांनी बुजवली. भिंत पाडून काच बसवली. दाराला वर, मुलांचा हात पोचणार नाही अशी कडी. शेजारी पाटी : धावू नये, चढू नये, लपू नये.

"आता इथे मूल कुठेही असलं तरी दिसलं पाहिजे," अध्यक्ष म्हणाले.

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

नवा विभाग उघडल्यानंतरचा तो पहिला रविवार. मुलं मधोमध सतरंजीवर गप्प बसलेली. टोळीची म्होरकी एक दोन वेण्यांची उंच मुलगी, तिला सगळे कॅप्टन म्हणायचे. ती सारखी घड्याळाकडे बघत होती.

चिंगी मात्र रुसलेली. ती सगळ्यांत लहान, त्यामुळे कायम कच्चं लिंबू. म्हणजे खेळात आहे, पण धरलेली नाही. सापडली तरी तिच्यावर राज्य यायचं नाही.

"आई, हे मला खरं खरं खेळूच देत नाहीत!"

ताईला उमाळा आला. खोली तर समितीनं नेली होती, निदान लेकीला खेळ तरी द्यावा.

"कॅप्टन, चिंगी आता मोठी झाली हं. आजपासून पक्की. पहिली सापडली तर तिच्यावर राज्य, रीतसर."

"पण ती पाटी…" मी म्हणालो.

"पाटी गेली खड्ड्यात. समिती रविवारी झोपते."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

"मावशी, नको," कॅप्टन म्हणाली. "संध्याकाळी आम्ही खेळत नाही."

"अगं, रोज तर खेळता!"

"संध्याकाळी आम्ही फक्त लपतो."

मला गंमत वाटली. "मग राज्य कुणावर असतं?"

"माहीत नाही. तो आमच्यातला नाही." तिनं आवाज खाली आणला. "तो शोधायला निघाला की आमच्यातलं एक जण मागून जाऊन धप्पा देतं. मग त्याला परत मोजावं लागतं. पण आता मागून जाणार कसं, काका? सगळं दिसतं."

तेवढ्यात…

"दहा."

आवाज जिन्याकडून आला. विटांच्या मागून.

"वीस… तीस…"

लहान मुलाचाच. जरा घोगरा. तळहातांत तोंड खुपसून बोलल्यासारखा.

मुलं उठून पळाली. कमरेएवढ्या कपाटांमागे दबकली. प्रत्येकाची पाठ दिसत होती. एकानं तर डोक्यावर नुसतं पुस्तक उघडं धरलं.

ताई दाराकडे धावली. कडीपर्यंत तिचा हात पोचत होता. कडी निघत नव्हती. काचेपलीकडे लोक भाजीच्या पिशव्या घेऊन चालले होते.

"नव्वद…"

"शंभर."

मग काही नाही.

मग कपाटाच्या कोपऱ्यावरचा स्पंज दबला. बोटं रुतावीत तसा. हळूच परत फुगला… मग पुढच्या कपाटाचा… मग त्याच्या पुढचा.

चिंगी लपलीच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा पक्की झालेली ती, कुठे लपावं ते ठरवत मधोमध उभी. आनंदानं लालेलाल.

"ती कच्चं लिंबू आहे!" ताई किंचाळली. "कच्चं लिंबू आहे ती!"

कॅप्टन रडत होती. "मावशी, डाव सुरू झाल्यावर बदलता येत नाही…"

"चिंगी सापडली," कोणीतरी अगदी प्रेमानं म्हणालं.

कडी निघाली.

समितीच्या दृष्टीनं त्या दिवशी कोणालाही खरचटलं नाही. हेही खरंच आहे.

जिन्याखालचा आवाज बंद झाला. नवी मुलं तिथे आता शांत बसून वाचतात. पाहुणे येऊन कौतुक करून जातात.

चिंगी जेवते. विचारलं तर उत्तर देते. बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात घेऊन उभी असते. डॉक्टर म्हणाले, "मुलं खेळतात हो अशी."

ती मोजते. फार सावकाश. दहानंतर वीस यायला कित्येक आठवडे गेले.

ताईनं पाठीवर धप्पे देऊन पाहिले. शंभरच्या आधीचा धप्पा धरत नाहीत. नोकरी सोडून ती आता लेकीच्या समोर बसून असते. "मीच सापडते ना गं तुला. मला दे राज्य."

"तू नाही, आई," चिंगीनं हातांआडून सांगितलं. "तू दाराशी होतीस. तू खेळात नव्हतीस."

"मग कोण होतं?"

"सगळी मुलं होती. आणि मामा होता. मामा लपला होता."

शंभर ऐकल्यावर मी कपाटामागे खाली वाकलो होतो. नकळत. कोणीही वाकलं असतं.

कॅप्टनचं कुटुंब गाव सोडून गेलं. त्या दिवशीची बाकीची मुलंही एकेक करून गेली. ताई मला रोज फोन करते. इकडचं तिकडचं बोलते, आणि ठेवताना एवढंच म्हणते, "लपू नकोस रे."

मी "छे, छे" म्हणतो.

परवा चिंगी नव्वद म्हणाली.

मी एक जुनं कपाट विकत घेतलंय. उंच, खोल, आतून बंद होणारं. कोपरे फार टोकदार आहेत.