सरसाच्या पातेल्यातली न्याहारी

"सुटला! सांधा सुटला!"

नानासोकाका ओरडले. तंबोऱ्याचा भोपळा एकीकडे, दांडी दुसरीकडे! सुट्टीला कालच साताऱ्याहून मिरजेला आलेली भार्गवी आणि तिचा धाकटा भाऊ धवल काकांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्याच्या दारातच थबकले.

काकांनी सरसाच्या पातेल्यात बोट बुडवून वास घेतला. "हा सरस आहे का ताक? केरबा, काय कालवलंस यात?"

"म्या न्हाई, नानासो!" म्हातारे केरबामामा म्हणाले. "तीस वर्सं सांधं चिकटवतोय. तुमच्या वडलांनी कवा असं इचारलं न्हाई."

"मग भुतानं केलं?"

केरबामामांनी पटाशी पिशवीत टाकली. मग रंधा टाकला. "चाललो म्या!" काकांचा फोन वाजला आणि ते तिकडे वळले.

तेवढ्यात माळ्यावरून ओयुनताई खाली आली. ती मंगोलियाची. चार महिन्यांपूर्वी तंबोरे करायला शिकायला आलेली. मराठी मात्र शिकली केरबामामांकडून!

"मुंग्या लय, म्हनून डबा या फळीवर ठिवला," ती म्हणाली. "रिकामा झालाय. कुनी बगितलं?"

"काय होतं त्यात?" भार्गवीनं विचारलं.

"न्याहारी. आईनं दही वाळवून खडे केलेत. रोज एक, चहात बुडवून. दिवाळीला घरी जाईपरेंत पुरवायचे व्हते."

"दह्याचे खडे? ईऽऽ!" धवल हसला. बाकी कुणीच हसलं नाही.

भार्गवी लगेच बाकाखाली शिरली. धुळीत एक पिवळट खडा पडला होता.

"सरसाचाच असेल," धवल म्हणाला.

"चाखून बघते."

"वेडी आहेस? सरस कातडं उकळून करतात!"

भार्गवीनं डोळे मिटून जीभ लावली. "आंबट! खारट! आणि जरासा शेळीचा वास! हा सरस नाही!"

धवलचा चेहरा उतरला. काल संध्याकाळी काका फोनवर होते. त्यानं डबा पुढे धरून विचारलं होतं, "हे खडे टाकू सरसात?" काकांनी न बघताच सांगितलं, "टाक, टाक!" सरसाचेच खडे समजून त्यानं ओंजळी भरभरून टाकले. वर ढवळलेसुद्धा! काय मजा आली होती!

त्यानं भार्गवीच्या कानात सगळं सांगून टाकलं. "गप्प बसू या ना, ताई. साताऱ्याला गेल्यावर फोनवर सांगू."

"आणि मामा?"

बाहेर पायरीवर केरबामामा पायात वहाणा घालत होते. धवलला तिकडे बघवेना.

"काका मारतील!"

"त्यांचं लक्ष असतं कुठं? थांब, गंमत बघ!" भार्गवीनं दारातली काकांची चप्पल उचलून, अजून फोनवरच असलेल्या काकांच्या नाकासमोर धरली. "काका, ही टाकू सरसात?"

"टाक, टाक!" काका म्हणाले. "हां हॅलो, तुम्ही बोला..."

डुबुक!

पायरीवरचे केरबामामा खो खो हसत सुटले. काकांनी पातेल्यात पाहिलं आणि फोन बंद केला. "अगं बये, माझी नवी चप्पल!"

"काल मीपण असंच विचारलं होतं," धवल म्हणाला. "डबा ओयुनताईचा होता. मामांनी काही केलं नाही. मी केलं."

काकांनी चप्पल बाहेर काढून ठेवली. मग पायरीवर मामांशेजारी जाऊन बसले. "केरबा, माझं चुकलं."

"चुकलंच," म्हणत मामांनी पटाशी पिशवीतून परत बाहेर काढली. "पर पोरगी लय हुशार हाय. आन् पोरगं खरं बोलतंय."

शाबासकी धवलला टोचली. त्यानं भार्गवीच्या हातातला उरलेला खडा घेऊन ओयुनताईपुढे धरला. "एवढाच राहिला. तू ओरड ना मला!"

तिनं खडा फडक्यात गुंडाळला आणि हातोडीनं ठोकला. पाच तुकडे झाले. सगळ्यांत मोठा तिनं धवलच्या हातावर ठेवला.

"नको! तुझा आहे तो!"

"खा रं. एकटीनं न्याहारी करू व्हय?"

धवलनं तुकडा तोंडात टाकला. आंबट कळ थेट कानापर्यंत गेली.

"शाब्बास, गड्या!" काकांनी पाठ थोपटली. "कसं लागतंय?"

त्याला बोलता येईना. तुकडा काही विरघळत नव्हता, आणि थुंकायचं तर त्याच्या मनातही आलं नाही. जेवायची हाक आली, तेव्हाही तो तुकडा त्याच्या गालात तस्साच होता.