मामांचा शर्ट, आईचं माप

प्रेमकथेतल्या नायकाच्या हाती नायिकेचा रुमाल यावा, गेला बाजार छत्री तरी. पण हिच्या नायकाच्या हाती काय आलं, तर हिच्या मामांच्या लघवीची बाटली!

झालं असं, की हॉस्पिटलच्या लॅबकडे जाणारा जिना ती भराभर चढत होती. एका हातात आईची बाटली, दुसऱ्या हातात मामांची, खांद्यावरून घसरणारी पर्स आणि पावसानं ओल्या झालेल्या चपला. वळणावर पाय सटकला, मामांची बाटली हातातून सुटली… आणि वरून उतरणाऱ्या एका चष्मेवाल्या तरुणानं ती अलगद झेलली.

"झाकण घट्ट आहे," तो बाटली उजेडाकडे धरून म्हणाला. "थोडक्यात वाचलो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. "द्या इकडे! आणि एवढं निरखून काय बघताय? सरबत आहे का ते?"

"सवय हो. मी किडनीचा डॉक्टर आहे. ही दुसरी कुणाची?"

"आईची. तुमच्या हातातली मामांची. दोघांना मधुमेह आहे. झालं समाधान?"

"म्हणजे… सख्खे बहीण-भाऊ?" त्याचे डोळे चष्म्याआडून असे चमकले, की तिला हसूच आलं.

"नाही, बाजारातून आणलेत!"

पण त्याला टोमणा लागलाच नाही. तो उत्साहानं सांगतच सुटला. मधुमेहानं किडनी बिघडते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुरुषांची एका वाटेनं बिघडते, बायकांची बऱ्याचदा दुसऱ्याच वाटेनं. असं का? एकाच घरात, एकाच ताटात वाढलेले भाऊ-बहीण मिळाले तर ते नीट बघता येईल, म्हणून त्यानं अभ्यास हाती घेतला होता. "तुमच्या घरची मंडळी येतील का त्यात?"

मंडळी खालीच बाकावर बसली होती. मामा लगेच तयार झाले. त्यांना डॉक्टरांशी गप्पा मारायला फार आवडायचं. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "दादा देतोय ना रक्त, मग मीही देते."

या दोघांची एक गंमत होती. शाळेत जसे मार्क ताडून बघायचे, तसे आता रिपोर्ट ताडून बघायचे. आकडा सारखा आला, की दोघं खूश. मग डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला फक्त मामा जायचे, आणि "ठीक आहे" ऐकून आले, की ते आईलाही लागू! स्वतःचा रिपोर्ट घेऊन आई डॉक्टरांपुढे कधी बसलीच नव्हती. "मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

रक्त देऊन होईपर्यंत त्यानं तिला कॅंटीनमध्ये चहा पाजला. आणि काय ते प्रश्न! तुम्ही काय करता? कपड्यांच्या वर्कशॉपमध्ये कटिंग मास्टर? मग पुरुषाचा शर्ट आणि बाईचा शर्ट, छातीचं माप एकच असलं तरी कापड वेगळं कापतात का? का? खांद्यामुळे की बाहीमुळे?

"तुम्ही लहानपणी घरच्यांना फार पिडलं असणार," ती म्हणाली.

"अजून पिडतो. बहिणीनं नाव ठेवलंय, चौकसराव."

"शोभतं अगदी."

"आणि तुम्हाला काय म्हणतात?"

"मास्टर."

"हेही शोभतं," तो म्हणाला, आणि उगाचच चहात साखर ढवळत बसला. साखर त्यानं घातलीच नव्हती.

त्यानंतर तपासण्यांच्या निमित्तानं भेटी होत गेल्या. आई-मामांना आणायला रिक्षावाला चालला असता. पण ती स्वतः यायची. दर वेळी केसांत वेगळी क्लिप असायची, आणि दर वेळी तो, "ही नवीन ना?" असं विचारायचा. तिला गुदगुल्या व्हायच्या. आणि मग रात्री, नाही म्हटलं तरी, मनात किडा वळवळायचा… याला मी आवडते, की ही भावा-बहिणीची जोडी हातची जाऊ नये म्हणून हा गोड बोलतो?

एके दिवशी त्यानं तिला एकटीलाच बोलावून घेतलं. आज चहा नाही, प्रश्न नाहीत.

"दोघांचं क्रिएटिनिन एकच आलंय. एक पॉइंट दोन," तो म्हणाला. "मामांच्या लघवीतून प्रथिनं जातात, त्यावर औषध सुरू आहे, पण त्यांची किडनी अजून बऱ्यापैकी गाळतेय. आईंच्या लघवीत प्रथिनं नाहीत… पण किडनीची ताकद जवळजवळ निम्मी झालीय."

"आकडा एकच आहे म्हणालात ना?"

"आहे. पण क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, तो स्नायूंतून तयार होतो. मामा धिप्पाड, त्यांच्या अंगात तो जास्तच तयार होणार. आई एवढ्याशा. त्यांच्यात मुळात कमी तयार होतो, आणि तरी रक्तात मामांएवढा साठलाय. म्हणजे तो बाहेर टाकला जात नाहीये."

"लघवी स्वच्छ असूनही?"

"बायकांमध्ये असं जास्त दिसतं. हार्मोनमुळे असेल, पाळी गेल्यानंतरचं असेल, की त्या तपासायलाच उशिरा येतात म्हणून… खरं सांगू? अजून नीट कळलेलं नाही. त्यासाठीच तर हा खटाटोप." त्यानं चष्मा काढून पुसला. "औषधानं पुढचा बिघाड रोखता येईल, पण आत्ता सुरू करायला हवं. मी आमच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टर बाईंशी बोललोय. यापुढे आईंना त्या बघतील."

"आणि तुमचा अभ्यास?"

"औषध बदललं, की अभ्यासात ठेवता येत नाही. तुमची जोडी वगळली मी. सकाळीच."

तिच्या मनातला किडा तिथल्या तिथे गप्प झाला. तिला रडूही येत होतं आणि त्याचा हातही धरावासा वाटत होता. तिनं दोन्ही केलं नाही. "येते मी," एवढंच म्हणाली.

घरी मात्र आईनं ते उडवूनच लावलं. "दादाचा आकडा तोच आहे. त्याला नाही हे नवं औषध, मग मला कशाला?"

पुष्कळ समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनं मामांना त्यांचा एक शर्ट घेऊन बोलावलं आणि तो आईच्या अंगात घातला. बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या, खांदे कोपरापर्यंत आले. आई भिजलेल्या कोकरासारखी दिसत होती.

"मामांना हा नीट बसतो, आई. म्हणून तुलाही बसला का?"

मामा आधी खो खो हसले. मग त्यांचं हसू ओसरलं. खाली बसून ते बहिणीच्या बाह्या दुमडायला लागले. "अगं वेडे, तू सगळी वर्षं माझ्याच रिपोर्टवर जगत होतीस?"

"मला वाटायचं, तुझ्याएवढं आलं म्हणजे मी बरी," आई हळूच म्हणाली. "स्वतःसाठी वेगळं कुणाला विचारायचं, हे सुचलंच नाही कधी."

मामांचे डोळे भरून आले. "उद्या तुझ्या डॉक्टरांकडे तू जायचं. मी बाहेर बाकावर बसतो."

तसंच झालं. औषध सुरू झालं, आणि पुढच्या तपासणीत आईचा आकडा जागच्या जागी थांबला होता. मोठ्या बाईंनी तिची पाठ थोपटली, तेव्हा आई शाळेतल्या पोरीसारखी लाजली.

त्याच आठवड्यात चौकसराव वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. इस्त्रीच्या वाफेनं चष्म्यावर धुकं जमलेलं.

"शर्ट शिवायचाय," तो म्हणाला.

"इथे एकेक शर्ट शिवत नाहीत. हजारांनी शिवतात."

"मग… माप तरी घ्या."

मागे शिलाई मशीनवरच्या बायका खुसखुसल्या. तिनं टेप त्याच्या खांद्यावर ठेवली.

"सरळ उभे राहा. एवढे का कापताय?"

"आता आई माझ्या पेशंट नाहीत, अभ्यासातही नाहीत. म्हणून विचारायला आलोय. मला तुम्ही आवडता. खूप. त्या जिन्यापासून. तुम्हाला… मी?"

"हो," ती म्हणाली. टेप तशीच हातात होती.

त्याचा चेहरा फुलला. आणि मग सवयीप्रमाणे त्यानं विचारलंच, "का?"

तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणीही आलं. "माझ्या आईला आजवर कुणी तिच्या मापानं बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर दिवसभर मापंच घेते. तुम्ही बघितलंत."

त्यावर चौकसरावाला पुढचा प्रश्न सुचला नाही. त्यानं टेपसकट तिचा हात धरला, आणि मशीनवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.