म्हसोबापुढचा तेरावा कंदील

लढाईच्या दिवसांत सरकारने धुळ्याबाहेरच्या माळावर धावपट्टी आखली आणि कंदील मांडायचं काम हिलालला मिळालं. दोन्ही कडांना सहा-सहा कंदील, मधून विमान पळायचं आणि अंधारात उठायचं. जन्मभर पेरणीची पाभर हाकलेला माणूस तो. ओळ सरळ धरायला त्याला कोणी शिकवायला नको होतं.

घात केला अमावस्येने. पट्टीच्या टोकाला, डावीकडे निंबाखाली त्याचा म्हसोबा होता. अमावस्येला तिथे दिवा लागायलाच हवा. त्या रात्री वारा पणती टिकू देईना, म्हणून त्याने कोठीतला जादा कंदील देवापुढे नेऊन ठेवला. सरकारचं काय जातंय!

दोन माणसांचं ते छोटं विमान सुसाट आलं, तो उजेड ओळीतलाच समजून डावीकडे झुकलं आणि निंबावर आदळलं. एकटाच वैमानिक होता आत, कोवळा पोरगा. जागीच गेला.

त्या धडकेत चेपलेला, फुटका कंदील हिलालने निंबाखाली पुरून टाकला.

"कंदील किती होते?" कारकून रतिलालने सकाळी विचारलं.

"बठ्ठा बारा, भाऊसाहेब."

तेव्हापासून हिलालच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढच्या अमावस्येला दुसरं विमान निघालं. हिलालने म्हसोबापुढे नुसतं डोकं टेकलं, दिवा लावला नाही. तो रतिलालजवळ येऊन उभा राहिला. वारा पडला होता. जळक्या पेट्रोलचा वास आला. पलीकडे इंजिन धडधडलं... आणि निंबाखाली उजेड लागला.

"भाऊसाहेब... तठे कोन शे?"

"कोणी नाही रे..." रतिलाल एक पाऊल मागे सरकला.

विमान सुटलं होतं. हिलाल उजेडाकडे धावला.

"इमानवाले साहेब, मन्हीच चूक शे! तो कंदील मीच ठेवा व्हता!"

उजेड हातभर उचलला गेला. गवत न हलवता तो हिलालच्या अंगावरून गेला आणि डाव्या ओळीच्या टोकाला, सुतात जाऊन थांबला. विमान सरळ आलं, त्याच्या शेजारून उठलं, ताऱ्यांत मिसळलं. हिलालने हात जोडले. एवढी मोठी माफी त्याने कधी देवाकडेही मागितली नव्हती.

त्याने रतिलालला सगळं सांगून टाकलं. मग दोघांनी कंदील गोळा करून मोजले. तेरा भरले.

तेरावा चेपलेला होता, काच फुटलेली, टाकीत तेलाऐवजी निंबाखालची माती. फक्त त्याची कडी कोमट होती, आत्ताच कोणीतरी हातातून खाली ठेवल्यासारखी.