कोलशेतच्या घरातला समुद्र

"तुम्ही माशांच्या मरणाचा तपास करता का?"

उत्तम टिपणिसांनी चहाचा कप खाली ठेवला. कल्याणच्या त्यांच्या खोलीत आजवर हरवलेली माणसं आली होती, चोरीला गेलेले दागिने आले होते. मासे प्रथमच येत होते. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला त्यांचा शाळासोबती गणू समेळ हसला. पण दारात उभे असलेले गृहस्थ हसत नव्हते.

गृहस्थांचं नाव महिपत कर्णिक. ते कोलशेतला राहत आणि ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत.

"माझी बायको कलावती अंथरुणाला खिळून आहे," ते सांगू लागले. "छातीचा आजार. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय, आता तिनं मनावर घ्यायला हवं. पण ती जेवतच नाही. ती देवगडची, लाटांच्या आवाजात वाढलेली. म्हणून मी समुद्रच घरी आणला."

घरात गोड्या पाण्याची काचेची पेटी होती. तीत महिपतच्या आईचे, रंगूबाईंचे, सोनेरी मासे होते. महिपतनी ते विहिरीत सोडले. पेटीच्या लोखंडी चौकटीला आतून मेण लावलं, नदीची वाळू काढून शिंपल्यांचा चुरा अंथरला आणि खारं पाणी भरलं. पाणी आणि मासे भिवा आणायचा. त्याची बायको सगुणा कर्णिकांकडे कामाला होती. भिवाची होडी वसईच्या खाडीतून थेट समुद्रात जायची.

"आधी सगळे मासे छान जगले. कलावती उठून बसू लागली, एकदा मागून भात खाल्ला. आणि मग अचानक ते मरायला लागले. नवे आणले, तेही गेले. आई म्हणते, सगुणाच पाण्यात काहीतरी कालवते. तिला कामावरून काढायचं ठरतंय."

"मला बोलवायचं कुणी सुचवलं?"

"कलावतीनं. हट्टच धरला."

टिपणिसांनी कोट अंगात चढवला.

चैत्रातली दुपार होती. कलावतीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि गणूला वाटलं, आपण पाण्याखाली आलो. खिडकीतलं ऊन पेटीच्या पाण्यातून जाऊन भिंतीवर, छतावर, कलावतीच्या पांढऱ्या चादरीवर हलत होतं. पेटीत मात्र एकच पट्ट्यापट्ट्यांचा मासा उरला होता. तळाशी रिकामे शंख पडले होते.

"आधी कोण गेलं?" टिपणिसांनी विचारलं.

"शंखातले जीव," महिपत म्हणाले. "मग कोळंबी. मासे शेवटी."

पाण्यात काचेची एक बंद नळी उभी तरंगत होती. तळाला शिसं, अंगावर लाल रेघ.

"ती मीच केली. पाणी समुद्राइतकं खारट असलं की रेघ बरोबर पाण्याच्या पातळीवर येते."

लाल रेघ पाण्याखाली बुडाली होती. टिपणीस ती पाहत राहिले. "या उन्हात पाणी आटत नाही?"

"नाही. वर जाळी आहे ना, म्हणून असेल. पातळी जिथल्या तिथे असते."

जाळी म्हणजे तारेची, बोट जाईल एवढ्या भोकांची. टिपणिसांनी एका भोकात बोट घालून पाहिलं. त्यांनी मानेवर चापट मारली. डास होता.

महिपतचा धाकटा भाऊ रतन ओसरीवर भेटला. त्याच्या हातात डासांच्या औषधाचा पंप होता. गणूनं टिपणिसांना कोपरानं ढोसलं.

"वहिनींच्या खोलीत मी फवारत नाही," रतन वैतागून म्हणाला. "त्यांना खोकला येतो. आणि मासे मरून मला काय मिळणार?"

रंगूबाई देवघरात होत्या. समोर चिंचेनं घासलेला तांब्याचा मोठा तांब्या लखलखत होता.

"मी त्या पेटीला हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "माझे मासे काढून टाकले, मला विचारलं का कुणी? महिपत माझ्याशी धड बोलत नाही तेव्हापासून. मी आणि माझा देव."

"हे तीर्थ?"

"रात्री तुळशीपत्र घालून भरून ठेवते. सकाळी सूनबाईला ओंजळभर देते. उरलेलं तुळशीला."

टिपणीस अंगणात गेले. वृंदावनातली माती भेगाळली होती, तुळस मलूल होती.

मागल्या दारी सगुणा भांडी घासत होती. विचारायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"मी कशाला काय टाकू, भाऊ? ह्या बघा." तिनं एका मडक्यावरचं फडकं काढलं. "पेटीत वतलं त्यातलंच उरलेलं पानी. त्यातलं शंख जितं हायत अजून."

मडक्याच्या कडेनं एक शंख संथपणे वर चढत होता.

शेवटी टिपणीस कलावतीजवळ बसले. तिचा आवाज अगदी हलका होता. "सकाळी कोण येतं, कोण जातं, मला ठाऊक नाही. मी उशिरापर्यंत झोपलेली असते."

"ही पेटी आवडते तुम्हाला?"

तिचा चेहरा उजळला. "सूर्य वर येतो ना, तेव्हा पहिली तिरीप पेटीतून आरपार जाते. सगळी भिंत सोन्याची होते आणि हलायला लागते. वाटतं, मी देवगडच्या पुळणीवर पडलेय. दुपारी ती मजा नाही."

टिपणीस हळूच हसले. "गणू, सगळ्यांना बोलाव."

खोलीत सगळे जमले. सगुणा दाराशी उभी राहिली.

"मला वाटतं, हा औषधाचा पंप..." गणूनं सुरुवात केली.

"या खोलीतले डास धडधाकट आहेत, गणू. मघाशी मला चावले. इथे फवारणी झालेली नाही. आणि ज्या पाण्यावर तुम्ही संशय घेता, त्यात सगुणाच्या मडक्यातले शंख मजेत आहेत. म्हणजे पाणी इथे येईपर्यंत चांगलं होतं. बिघडलं ते या खोलीत."

"कसं?" महिपतनी विचारलं.

"तुमच्या नळीनंच सांगितलं. पाणी आटलं की मीठ मागं राहतं, पाणी जास्त खारं होतं, नळी वर यायला हवी. ती खाली गेलीय. आणि चैत्रात उघड्या पेटीची पातळी जराही उतरत नाही. कुणीतरी रोज पेटीत गोडं पाणी ओततंय."

"पण गोड्या पाण्यानं इतक्या लवकर मासे मरतात?"

"नुसत्या गोड्या पाण्यानं नाही. आधी शंख गेले, मग कोळंबी, मग मासे. तांब्याचा अंश पाण्यात उतरला की समुद्रातले जीव याच क्रमानं जातात. माणसाला जे बाधत नाही, ते त्यांना सोसत नाही. या घरात तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी एकच आहे. ओंजळभर सुनेला. उरलेलं तुळशीला, असं सांगितलं गेलं. पण तुळस सुकलीय."

रंगूबाई खाली बसल्या.

"आई!" महिपतचा आवाज चढला. "माझ्यावरच्या रागापायी तू..."

"रागापायी नव्हे," टिपणीस म्हणाले. "राग असता तर मासे आले त्या दिवशीच मेले असते. मरण सुरू झालं कलावतीबाईंनी भात मागून खाल्ला त्यानंतर."

रंगूबाईंनी पेटीकडे बोट केलं. "ते मासे हलताना बघून ती जेवली रे. मला वाटलं, ते जगले तर ही जगेल. म्हणून देवाचं तीर्थ त्यांनाही घालू लागले. एक मेला की वाटायचं, आपलं कमी पडतंय. मग जास्त घालायचे. सगुणेचं नाव घेतलं ते... दुसरं कुणी सुचेना मला."

भिंतीवर पाणी हलत राहिलं.

"आणि हे एका माणसानं रोज पाहिलं," टिपणीस कलावतीकडे वळले. "उशिरापर्यंत झोपणाऱ्याला उगवतीची तिरीप दिसत नाही, बाई."

कलावतीनं डोळे मिटले. "त्या ओतायच्या आणि हात जोडून उभ्या राहायच्या. पुटपुटायच्या, माझं आयुष्य हिला लाग. पुढे मासे जायला लागले, तसा मला संशय आला. पण असं मागणाऱ्या बाईला थांबवायचं कसं? माझे मासे गेले तरी चालतील, असं ठरवलं. मग सगुणेला काढायचं निघालं, तेव्हा राहवेना. माझ्या तोंडून निघत नव्हतं. म्हणून तुम्हाला बोलावलं."

रंगूबाई उठल्या. आधी सगुणेपाशी गेल्या आणि तिचे ओले हात आपल्या हातांत घेतले. मग सुनेच्या उशाशी बसल्या. महिपत आईजवळ जमिनीवर बसले. टिपणिसांनी गणूला खूण केली. दोघं आवाज न करता बाहेर पडले.

पुढच्या रविवारी महिपतनी आग्रहानं जेवायला बोलावलं. दोघं कोलशेतच्या बंदरावर पोचले, तेव्हा भिवाची होडी सुटायच्या बेतात होती. होडीत कोरी मातीची मडकी होती, सगुणा होती, आणि पदर खोचून, काठाला घट्ट धरून रंगूबाई बसल्या होत्या. महिपत किनाऱ्यावरून ओरडत होते, "आई, सांभाळून!"

"अख्खा जन्म खाडीकाठी गेला, पण कधी होडीत पाय ठेवला नाही," त्या सगुणेला सांगत होत्या. "पाणी कुठलं घ्यायचं ते मलाच बघू दे."

भरती चढत होती. होडी वळली. रंगूबाईंनी वाकून पाण्यात हात घातला आणि ओंजळ तोंडाला लावली. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. मग त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"अगो बाई! एवढं खारट असतं होय?"

सगुणाही हसली. होडी उजेडात शिरली आणि हळूहळू समुद्राच्या दिशेनं लहान होत गेली.