वहीतली कोरी ओळ

“माफ करा, पण ही बाजू प्रशासनाची आहे.”

तिने वर पाहिलं. दारात एक उंच, सडसडीत माणूस उभा होता. काखेत जाडजूड वही, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर एवढा संकोच, की जणू चूक तिची नसून त्याचीच होती. बैठकीच्या खोलीत अजून कोणी आलं नव्हतं. लांबलचक टेबलाच्या या बाजूला खिडकीतून छान कोवळं ऊन येत होतं, म्हणून ती तिथे ऐसपैस बसली होती.

“खुर्च्यांनाही पक्ष असतात?” तिने विचारलं.

“खुर्च्यांना नसतात… बसणाऱ्यांना असतात.”

“आणि ऊन कोणाच्या बाजूला, हे कोणी ठरवलं?”

“तेही प्रशासनानेच ठरवलं असणार,” तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

ती वही उचलून समोरच्या सावलीत जाऊन बसली. मग दहा मिनिटं त्या मोठ्या खोलीत ते दोघंच होते, आणि दोघंही आपापल्या कोऱ्या वहीकडे फार मन लावून बघत होते.

ती विद्यापीठात पाण्यातल्या जिवांचं शास्त्र शिकवायची. गावाबाहेरच्या तळ्यातलं शेवाळ हा तिचा खास विषय, म्हणून विद्यार्थी पाठीमागे तिला शेवाळबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं; तिला ठाऊक आहे हे मात्र विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं. पाच वर्षं ती कंत्राटावर होती. दरवर्षी नवा करार, दरवर्षी तीच धाकधूक, आणि कायम नेमणुकीचं नाव काढलं की साहेब लोकांना एकदम दुसरी कामं आठवत.

यंदा मात्र प्राध्यापक संघटनेने कंबर कसली होती. एकेकट्याने साहेबांच्या दारात ताटकळण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वाटाघाटी करायच्या आणि सगळ्यांसाठी एकच करार मिळवायचा, असं ठरलं होतं. संघटनेच्या अध्यक्षबाई इतिहासाच्या प्राध्यापक होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, स्वभाव फटकळ. त्या तिला म्हणाल्या होत्या, “तुझं अक्षर वाचता येतं. बैठकीचं इतिवृत्त तू लिहायचंस.”

आणि प्रशासनाच्या बाजूने तेच काम त्या सडसडीत माणसाकडे होतं. कुलसचिवांच्या कार्यालयात तो कायद्याची कामं बघायचा. बैठकीत तोंडातून अवाक्षर काढायचा नाही, म्हणून दुसऱ्या बैठकीपर्यंत संघटनेने त्याचं बारसं करून टाकलं – मौनीबाबा.

बैठकीत सगळ्यांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून आवाज मुद्रित करायचा नाही, असं दोन्ही पक्षांनी ठरवलं होतं. त्यामुळे सगळी भिस्त या दोन वह्यांवर. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता दोन्ही लेखनिकांनी एकत्र बसून दोन वह्यांचं मिळून एक इतिवृत्त करायचं. जे वाक्य दोन्ही वह्यांत असेल ते थेट आत. जे एकाच वहीत असेल, ते दुसऱ्याने शेजारी सही केली तरच. आणि ज्याने ते लिहिलं नसेल, त्याने समासात कारण द्यायचं. हा नियम अध्यक्षबाईंनीच भांडून घालून घेतला होता.

त्यासाठी त्यांना ग्रंथालयामागची एक चिंचोळी खोली मिळाली होती. भिंतीला गुंडाळलेले जुने नकाशे उभे होते, आणि टेबलाच्या एका पायाखाली कुठल्या तरी जुन्या वर्षाचं माहितीपत्रक घातलेलं होतं.

“कुलसचिव ओरडले, असं लिहिलंय मी,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

“माझ्याकडे ‘ठामपणे म्हणाले’ असं आहे.”

“टेबलावर हात आपटला त्यांनी.”

“हात टेबलावर ठेवला.” तो क्षणभर थांबला. “जरा वेगाने.”

ती खळखळून हसली. इतकी, की ग्रंथपालांनी दार उघडून आत डोकावून पाहिलं. आणि मौनीबाबा त्या खोलीत मुळीच मौनी नव्हता, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या खेपेपासून तो थर्मासमधून चहा आणू लागला. दोन पेल्यांत चहा ओतायचा, आणि बरोबर निम्मा निम्मा झाला का हे वाकून बघायचा. तेव्हा त्याच्या कपाळावर एक बट पुढे यायची. ती बट तिने आधी सहज पाहिली. मग ती चारची वाट बघायला लागली. आपण बैठकीपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या चार वाजण्यातच जास्त रमतोय, हे तिने स्वतःशी कबूल करायला मात्र आणखी एक बैठक जावी लागली.

“शेवाळ बघून काय कळतं हो?” एकदा त्याने विचारलं. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, आणि ती तशीच तळ्यावरून चिखलाच्या बुटांनी आली होती.

“कुठलं शेवाळ जगलं, कुठलं मेलं, यावरून पाण्यात काय मिसळतंय ते कळतं. माणसं सांगत नाहीत. शेवाळ सांगतं.”

“आणि काय मिसळतंय?”

तिने पेला खाली ठेवला. “रंगाच्या कारखान्याचं पाणी. आपली नवी इमारत ज्यांच्या देणगीतून झाली ना, त्यांचाच कारखाना. लेख लिहून तयार आहे. विभागप्रमुख म्हणतात, वर्षभर दमानं घ्या. आणि माझा करार हे सत्र संपलं की संपतो.”

संघटना ज्या कलमासाठी भांडत होती, ते त्या क्षणी त्याला पहिल्यांदा माणसासारखं दिसलं असावं. संशोधनातून जे निघेल त्यासाठी कोणाची नोकरी जाऊ नये, एवढंच ते कलम होतं. प्रशासन म्हणत होतं, कायम प्राध्यापकांपुरतं मान्य. कंत्राटींचं नंतर बघू.

सहाव्या बैठकीला स्वतः कुलगुरू आले. अध्यक्षबाई इरेला पेटल्या होत्या. “कंत्राटी माणूस खरं बोलला तर ते कमी खरं असतं का, एवढंच सांगा,” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. आणि नेमकं त्याच वेळी तिची नजर समोर गेली. मौनीबाबाचं पेन गळत होतं. शाईच्या बोटाने त्याने नाक खाजवलं होतं, आणि नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका घेऊन तो अतिशय गंभीर चेहऱ्याने लिहीत बसला होता.

तिने ओठ घट्ट दाबले. डोळ्यांनी खूण केली – नाक. त्याला कळेना. तिने स्वतःच्या नाकाला बोट लावलं. त्याने पुसलं, आणि ठिपक्याची मिशी झाली. तिला हसू आवरेना. मान खाली घालून ती खोकल्याचं सोंग करत राहिली. भानावर आली तेव्हा खोलीत खुर्च्या सरकत होत्या, आणि अध्यक्षबाई तिचा खांदा दाबत होत्या.

“जिंकलो गं. लिहिलंस ना?”

“हो,” ती सवयीने बोलून गेली.

मग तिने वही पाहिली. शेवटची ओळ होती – ‘कुलगुरू म्हणाले’. पुढे कोरं.

मनात कुठे तरी शब्द होते – ‘कोणाचीही’ आणि ‘थांबणार नाही’ असं काहीतरी. पण नेमकं काय, ते काही केल्या आठवेना. आणि प्रशासनाच्या वहीत ते असेल, अशी आशा कोणी वेड्यानेच धरावी.

घरी ताईला सगळं सांगितलं. ताई इस्पितळात परिचारिका होती, आणि दोघी बहिणी एकत्र राहत होत्या.

“मग बाईंना विचार आणि लिहून टाक ना,” ताई म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलंय.”

“तू ताप न मोजता तक्त्यावर लिहितेस कधी?”

ताईने हळूच विचारलं, “पण तुझं लक्ष होतं कुठे?”

“त्याच्या नाकाला शाई लागली होती.”

“शाई बघायला इतका वेळ लागतो?” ताईने तिच्याकडे रोखून पाहिलं. “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?”

तिने उशी ताईच्या अंगावर फेकली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो आला, तेव्हा थर्मास आणायला विसरला होता. चेहरा उतरलेला होता. दोघंही एकदमच बोलायला लागले, आणि एकदमच थांबले.

“आधी मी,” ती म्हणाली. “कुलगुरूंचं शेवटचं वाक्य माझ्याकडे नाही.” आणि तिने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली.

त्याने त्या कोऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. “कुलसचिव सकाळीच म्हणाले मला,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्यांच्या वहीत नसेल, तर आपल्याही वहीत नसावं.”

“मग झालंच… तुमचं काम सोपं झालं.”

त्याने आपली वही उघडली आणि वाचलं. “‘कुलगुरू म्हणाले, ठीक आहे. संशोधनात काय निघालं या कारणासाठी कोणाचीही नेमणूक थांबणार नाही. कायम असो की कंत्राटी.’ वेळ, बारा वाजून दहा मिनिटं.”

‘कोणाचीही’, ‘थांबणार नाही’ – तिच्या मनात राहिलेले शब्द तेच होते. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरीच शंका आली. “हे ठेवलंत तर तुमचं काय होईल?”

“माझाही करार महिनाअखेरीला संपतो. आणि हे कलम फक्त शिकवणाऱ्यांसाठी आहे.”

“मग नका ठेवू.” तिने त्याच्या वहीवर हात ठेवला. “माझी नोकरी वाचवायला तुमची जायला नको.”

“तुम्ही न लिहिलेलं घुसडलं नाहीत,” तो म्हणाला. “मग मी लिहिलेलं कसं काढू?”

त्याने तिचा हात अलगद बाजूला केला – जरुरीपेक्षा किंचित जास्तच अलगद – आणि इतिवृत्तात ते वाक्य स्वच्छ अक्षरात उतरवलं. सही केली. मग कागद तिच्यापुढे ठेवला. “समासात कारण लिहावं लागेल तुम्हाला. का लिहिलं नाहीत?”

“लक्ष विचलित झालं.”

“कशाने?”

“तेही लिहायचं?”

“नाही. पण मला कळायला हवं… म्हणजे, मला वाटतं.”

पावसाचे चार थेंब खिडकीवर वाजले. तिने खोटं बोलायचं ठरवलंही असतं, पण त्या खोलीत आज खऱ्याचीच हवा होती.

“तुमच्याकडे बघत होते,” ती म्हणाली. “नाकाला शाई होती म्हणून नाही. नव्हती तेव्हाही बघत होते. बरेच दिवस.”

तो कानापर्यंत लाल झाला. उभा राहिला, पुन्हा बसला.

“मला… करारावर सह्या होईपर्यंत यावर काही बोलता यायचं नाही,” तो शेवटी म्हणाला. “आज मी एक शब्द जरी बोललो, तरी उद्या कोणीही म्हणेल, बाईसाठी वाक्य घातलं. मग ते वाक्यच टिकणार नाही.”

तिने मान डोलावली, समासात ‘लक्ष विचलित झालं’ एवढंच लिहिलं आणि शेजारी सही केली. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्याचा तिला मनस्वी राग आला.

पुढच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी इतिवृत्त मोठ्याने वाचलं. समासापाशी चष्म्यावरून तिच्याकडे पाहून पुटपुटल्या, “लक्ष विचलित? कशाने गं?”

“व्यक्तिगत आहे, मॅडम.”

“ते दिसतंयच,” म्हणत त्या पुढे वाचत गेल्या. कुलगुरूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कुलसचिव त्यांच्या कानाला लागले. कुलगुरूंनी दोन्ही सह्या पाहिल्या आणि म्हणाले, “बोललो खरा मी. आता शब्द फिरवायचं वय राहिलं नाही.” कलम करारात गेलं. पुढच्या आठवड्यात तिचा लेख छापायला गेला, आणि सत्र संपल्यावर तिला नवा करारही मिळणार हे नक्की झालं. कलम करारात गेलं त्या दिवशी संघटनेच्या खोलीत सगळे एकदम बोलत होते. ती मात्र दाराकडे बघत होती.

सह्या व्हायला मात्र महिनाअखेर उजाडली. त्याच दुपारी ती कुलसचिवांच्या कार्यालयात गेली, तेव्हा तो खोक्यात पुस्तकं भरत होता. मुदतवाढ नाकारल्याचं पत्र टेबलावर पडलं होतं.

“अध्यक्षबाई म्हणाल्या, पुढच्या वाटाघाटींत कार्यालयातल्या कंत्राटी माणसांचा मुद्दा पहिला,” ती म्हणाली. “पण त्याला वेळ लागेल.”

“लागू दे. एका वकिलाकडून बोलावणं आलंय, अजून नक्की काही नाही.” त्याने खोक्याचं झाकण लावलं. “करारावर सह्या झाल्या?”

“साडेतीनला.”

“म्हणजे आता बोललं तर चालेल.”

“चालेल,” ती म्हणाली.

“मला तू आवडतेस.” तो एका दमात सुटला. “पहिल्या दिवसापासून. दर खेपेला चारला त्या खोलीत यायचो, तेव्हा कामाला येतोय असं स्वतःलाही पटवता यायचं नाही. नोकरी आजच गेली. घर भाड्याचं आहे. आई बरोबर राहते, आणि ती तापट आहे. हे सगळं नीट ऐकून घे, आणि मग हो म्हण, किंवा नाही म्हण.”

दोन महिन्यांचं साठलेलं तो बोलून गेला होता, आणि आता त्याला धाप लागली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातच हसूही.

“कितपत तापट?”

“कुलसचिवांपेक्षा जास्त.”

“मग हो,” ती म्हणाली. “वाटाघाटींची आता सवय झालीय मला.”

तो हसला, अगदी मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दचकून मान वर केली, कारण या कार्यालयात तो आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. मग तिने खोक्याची एक बाजू धरली, त्याने दुसरी, आणि दोघं सांभाळून जिना उतरू लागले.