सात नंबरच्या पवनचक्कीखाली

हे खोटं वाटेल. मलाही वाटलं असतं. पण घडलं ते माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत, आणि तारीख-वेळ तिच्या कामाच्या वहीत आहे. गुरुवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. जागा, सात नंबरच्या पवनचक्कीखाली.

ताई वन्यजीव अभ्यासक. पवनचक्क्यांच्या पात्यांना लागून पक्षी आणि वटवाघळं किती मरतात, हे मोजायला कंपनीने तिला माळावर नेमलं होतं. रोज पहाटे प्रत्येक चक्कीखाली सरळ रेषांत चालायचं. मेलेलं दिसेल ते उचलायचं, वहीत लिहायचं, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं.

पण माणसाच्या नजरेतून सुटतंच. ती नजर तपासायला एक म्हातारे काका होते. आदल्या दिवशी ते काही मेलेली वटवाघळं गुपचूप गवतात ठेवून जायचे. प्रत्येकाच्या पायाला पांढरा दोरा. दोरा दिसला की समजायचं, हे परीक्षेचं आहे. मोजणीत धरायचं नाही.

किती ठेवली, ते काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच सांगायचे. काठी आपटत यायचे.

"आज आठ होती, पोरी. तुला सहाच सापडली. उरलेली दोन तुझ्या नावानं बोटं मोडतायत."

"तुम्ही मुद्दाम खड्ड्यात ठेवता, काका."

"मेलेलं काय जागा बघून पडतं होय?"

फेब्रुवारीत काका गेले. घरीच, झोपेत. त्यांच्या दोऱ्याचं रीळ ताईच्या टेबलावर येऊन पडलं.

मग रिपोर्टचा आठवडा आला.

सात नंबरखाली त्या हंगामात, काका असतानाच, एकोणीस वटवाघळं सापडली होती. दोरा नसलेली, खरी. दहाच्या वर आकडा गेला, तर ती चक्की पुढे रोज सांजवेळी बंद ठेवावी लागणार होती.

"मॅडम, दोऱ्याची मोजत नाही ना तुम्ही?" साइटचे साहेब चहा ढवळत म्हणाले. "बघा एकदा नीट. आणि हो, मुख्य ऑफिसातली जागा तुमचीच धरून चाललोय आम्ही."

मुख्य ऑफिस ताईच्या गावात होतं. तिची सहा वर्षांची लेक तिथे, सासूबाईंजवळ. दोन वर्षं पोर आईला फोनवरच बघत होती.

बुधवारी दुपारी ताईने फ्रीझर उघडला.

एकोणीस पायांना एकोणीस दोरे बांधले. वहीतल्या 'ठेवणारा' या रकान्यात काकांचं नाव लिहिलं. ते काही नाही म्हणायला येणार नव्हते. रिपोर्टमध्ये सात नंबरपुढे शून्य घातलं आणि पाठवून दिला.

गुरुवारी पहाटे माळावर धुकं होतं.

सात नंबरची पाती फिरत होती. पण आवाज नव्हता... एरवी तो अर्ध्या मैलावरून ऐकू यायचा.

ताई चालायला लागली.

मागे कुठेतरी... ठक.

ती थांबली. आवाज थांबला.

ती निघाली... ठक. ठक.

तिने मागे बघितलं नाही. खाली बघितलं.

पायाशी वटवाघूळ होतं. पाच पावलांवर दुसरं. मग तिसरं. तिच्या चालण्याच्या रेषेवर, आखून ठेवल्यासारखी. एकाच्याही पायाला दोरा नव्हता.

एकोणीस.

शेवटच्याचा डावा पंख मधोमध फाटलेला. ताईने तो लगेच ओळखला. जानेवारीत तिनेच ते पिशवीत घातलं होतं.

त्याच्या अंगावर बर्फाचे कण होते...

ती धावत ऑफिसात आली. फ्रीझरला कुलूप होतं. किल्ली तिच्याच गळ्यात.

आत एकोणीस पिशव्या. सगळ्या बंद. सगळ्या रिकाम्या. प्रत्येकीत फक्त दोऱ्याचं एकेक वेटोळं.

ताईने घाईत निरगाठी मारल्या होत्या. या सुरगाठी होत्या. सुरगाठ काका मारायचे, दोरा परत वापरता यावा म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"अगं, हिच्या पायाला पांढरा दोरा कुणी बांधलाय? उठली तर घोट्यालाच. सोडू का?"



"ती... बोलतेय ना?"

"बोलतेय की. पण अंग गार पडलंय गं पोरीचं."

सहा पन्नासला ताईने रिपोर्ट मागे घेतला. काकांचं नाव खोडलं. शून्याच्या जागी एकोणीस लिहून सही केली, आणि मिळाली ती गाडी पकडली.

दुपारी ती घरी पोचली, तेव्हा लेक अंगणात खेळत होती. अंग कोमट. दोरा नव्हता. कुणी सोडला, कधी सोडला, सासूबाईंना सांगता आलं नाही. घोट्यावर बारीक वळ मात्र होता.

ताईची नोकरी गेली. सात नंबर आता सांजवेळी बंद असते.

एवढ्यावर संपलं असतं, तर मी हे लिहिलं नसतं.

ताई म्हणते, एकोणीस माळावर आणि एक घरात. वीस सापडली. पण ठेवली किती होती? ते संध्याकाळी येऊन सांगणारं आता कुणी नाही.

म्हणून रोज दिवेलागणीला ती घरातल्या सगळ्यांचे घोटे बघते.

गेल्या रविवारी मी गेलो, तर माझेही बघितले. डाव्या पायाशी जरा जास्त वेळ थांबली...